साबण-मेणबत्ती दुरुस्ती धागा

रिठा:
फोटो मिरवायचे धागे पुष्कळ झाले, हा फसलेल्या मालासाठी. साबणाचा भुगा झाला, मेणबत्ती मधोमध खड्डा करून विझली, वास येत नाही, वडीला घाम फुटलाय, काहीही असो, इथे आणा.

अट एवढीच की वजनं ग्रॅममध्ये लिहा. वाटी-चमच्यातल्या कृतीचं निदान करता येत नाही. लाय (कॉस्टिक सोड्याचं पाणी, हिशेबात नुसता सोडा) आणि तेलं एकत्र केली तेव्हा किती गरम होती, सुगंध कधी घातला, साचा झाकला होता की उघडा, हेही लिहा. आणि बिघाड पहिल्यांदा कधी दिसला ते विसरू नका. ओतल्यावर दुसऱ्या दिवशी दिसलेला डाग आणि तीन महिन्यांनी उगवलेला डाग दिसायला भाऊ-भाऊ असले तरी त्यांचं गोत्र वेगळं असतं.

सुरक्षेचं एकदाच सांगते, परत परत लिहिणार नाही. कॉस्टिक सोडा पाण्यात घालायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. चष्मा आणि हातमोजे हवेतच. ॲल्युमिनियमचं भांडं बाद, लाय ते खाते आणि हायड्रोजन सुटतो. स्टेनलेस स्टील किंवा तळाशी ५ आकडा असलेलं प्लास्टिक घ्या. अंगावर उडालं तर वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुवा, व्हिनेगर शोधत बसू नका.

अनुस्वार:
मग श्रीगणेशा माझ्याकडूनच. ऑलिव्ह ५०० मिली, पाम ३०० मिली, खोबरेल २०० मिली. साबणाच्या कॅल्क्युलेटरमध्ये ५ टक्के सुपरफॅट (साबण न होता मोकळं राहणारं तेल) धरून लाय १३८ ग्रॅम आली, पाणी २७६ ग्रॅम. ट्रेस (ढवळताना मिश्रण दाट होऊन माग उमटू लागणं) सुरेख आला. दुसऱ्या दिवशी कापायला घेतला तर सुरीखाली भुगा. हात धुऊन पाहिले तर कोरडे ठक्क. फेकून देऊ का?

तळटीप:
मिली?

रिठा:
तळटीपने एका शब्दात निदान केलं, मी फक्त हिशेब मांडते.

तेल पाण्यापेक्षा हलकं. एक लिटर तेल भरतं साधारण ९१५ ग्रॅम. तुमच्या मिश्रणाच्या १००० ग्रॅमना पूर्ण साबण व्हायला लाय लागते १४६ ग्रॅमच्या आसपास, त्यातली ५ टक्के कमी करून कॅल्क्युलेटरने १३८ सांगितली. पण भांड्यात तेल होतं ९१५ ग्रॅमच, आणि त्याला पूर्ण लाय लागते १३३.५ ग्रॅम. तुम्ही ५ टक्के तेल मोकळं ठेवायला निघालात आणि साडेचार ग्रॅम लाय मोकळी सोडलीत. भुगा त्याचाच.

फेकू नका. ओलं बोट वडीवर घासून जिभेच्या टोकाला किंचित लावा. बॅटरीचं टोक चाटल्यावर बसतो तसा झटका बसला तर लाय शिल्लक आहे. मग सगळा साबण किसा, त्यात ८५ ते ९० ग्रॅम ऑलिव्ह आणि थोडं पाणी घाला, झाकण ठेवून मंद आचेवर, नाहीतर गरम पाण्यात भांडं ठेवून शिजवा. अधूनमधून ढवळत राहा. लगदा अर्धपारदर्शक आणि एकजीव झाला की पुन्हा जीभ लावून बघा, झटका नसला की साच्यात दाबून भरा. दिसायला ओबडधोबड होईल. अंगाला लावायला हरकत नाही.

उंटावरचा शहाणा:
एवढा खटाटोप कशाला? वडी ओली करून पीएच पट्टी लावायची. १० दाखवली तर थोडं व्हिनेगर मिसळून ७ वर आणायचा. त्वचेचा पीएच साडेपाच असतो, साबणही तसाच हवा ना?

केमिकल_लोच्या:
शहाणेसाहेब, ७ वर आणलात तर साबण उरणारच नाही. साबण म्हणजे फॅटी ॲसिडचं सोडियम मीठ. आम्ल घालत गेलात की ते फुटून फॅटी ॲसिड सुटं होतं आणि भांड्यात तेलकट, गुठळ्यांचा लगदा राहतो. चांगला मुरलेला साबणही ९ ते १० च्या दरम्यान असतो, तो त्याचा स्वभाव आहे. साडेपाचची पाटी लावलेल्या वड्या मिळतात त्या खऱ्या साबणाच्या नसतात, सिंथेटिक डिटर्जंटच्या असतात.

शिवाय कागदी पट्टी साबणावर बऱ्याचदा खोटं बोलते. पट्टीवर ९ आला म्हणून लाय शिल्लक नाही, असं म्हणता येत नाही.

रिठा:
+१. शिल्लक लायला उतारा तेलाचाच द्यावा. आम्लाने ती मरते, पण किती घालायचं ते कळत नाही. जास्त पडलं की साबण मोडतो.

फेसाळ:
ह्याच विषयावर. माझा प्रश्न वजनाचा नाही, बदलीचा आहे. वरचीच कृती, अगदी ग्रॅममध्ये, पण खोबरेल संपलं होतं म्हणून त्या २०० ग्रॅमच्या जागी ऑलिव्हच घातलं. एकूण तेल १००० ग्रॅमच. मग लाय का बदलावी?

रिठा:
कारण प्रत्येक तेलाची भूक वेगळी. एक ग्रॅम खोबरेलाला ०.१८३ ग्रॅम सोडा लागतो, ऑलिव्हला ०.१३४, पामला ०.१४१, एरंडेलाला ०.१२८. तुमचं नवं मिश्रण ७०० ऑलिव्ह आणि ३०० पाम. त्याची पूर्ण गरज १३६ ग्रॅम, आणि तुम्ही घातली १३८. पुन्हा तोच रोग. उलटी बदली केली असती, म्हणजे ऑलिव्ह काढून खोबरेल वाढवलं असतं, तर लाय कमी पडून साबण मऊ आणि तेलकट झाला असता. एक तेल हललं की अख्खा हिशेब नव्याने करायचा, मग ते पन्नास ग्रॅम का असेना.

नुसत्या खोबरेलाचा साबण करणाऱ्यांसाठी जाता जाता. फेस भरपूर, पण कातडी ओरबाडतो. म्हणून तिथे सुपरफॅट २० टक्के धरतात. ५०० ग्रॅम खोबरेलाला लाय ७३ ग्रॅम. आणि तो लवकर कापा, काही तासांतच. दुसऱ्या दिवसाची वाट पाहिलीत तर लायचा दोष नसतानाही तुकडे उडतील.

सावली:
साबणवाल्यांनी धागा बळकावायच्या आत मेणबत्तीचं विचारून घेते. सोया मेण, आठ सेंटिमीटर व्यासाची काचेची बरणी, सुगंधी तेल ६ टक्के. वात मधोमध खोल खड्डा करत खाली जाते, कडेचं मेण तसंच उभं. आणि दुसरी तक्रार अशी की बरणी हुंगली तर वास घमघमतो, पेटवली की काहीच नाही. वास १० टक्के करू का?

वातकुक्कुट:
सावली, तुमच्या दोन तक्रारी म्हणजे एकच आजार आहे. पेटल्यावरचा वास ज्योतीतून येत नाही, वितळलेल्या मेणाच्या तळ्यातून वर येतो. तळं एवढंसं असेल तर वास कुठून येणार? वात लहान आहे. एक नंबर मोठी लावा आणि सुगंधाला सध्या हात लावू नका. दोन्ही एकदम बदललंत तर गुण कशाने आला ते कधीच कळणार नाही.

वात बदलण्याआधी एक खात्री करा. पहिल्यांदा पेटवली तेव्हा किती वेळ जळू दिलीत? ढोबळ हिशेब असा की व्यासाच्या दर अडीच सेंटिमीटरला एक तास. तुमच्या बरणीला तीन तास तरी हवेत. अर्ध्या तासात फुंकर मारली असेल तर मेणावर तेवढंच वर्तुळ उमटतं आणि पुढच्या वेळी वात त्याच वर्तुळात खाली उतरत जाते. मग दोष वातीचा नाही, फुंकरीचा.

सध्याची बरणी वाचवायची तर तोंडावर ॲल्युमिनियम फॉइलची कड दुमडून लावा, मध्ये ज्योतीला पुरेशी मोकळी जागा ठेवा. कडेला उष्णता अडून राहते आणि उभं राहिलेलं मेण खाली येतं. जवळ बसून करा, सोडून जाऊ नका.

आता ह्याच्या उलट टोकाची गोष्ट, कारण उत्साहात लोक तिकडे जातात. पहिल्या तासातच काठापर्यंत मेण वितळवणारी वात बघून खूश होऊ नका. बरणी अर्धी रिकामी झाली की काच तापलेली असते, हवा कमी खेळते, ज्योत खोल असते. वर बरोबर वाटलेली वात तिथे काजळी सोडते आणि काच भाजून काढते. पहिल्या पेटवणीत कडेला थोडं मेण चिकटून राहिलं तर राहू द्या, खाली गेल्यावर ते आपोआप धुऊन निघतं. वातीची परीक्षा तळापर्यंत जाळूनच होते. आणि तळाशी सेंटिमीटरभर मेण उरलं की थांबायचं. त्याखाली उष्णता थेट काचेला जाते आणि बरणी तडकते.

सावली:
पहिल्यांदा लवकर विझवली होती हे खरं. पण दहा टक्क्यांचं राहिलं.

वातकुक्कुट:
मेण किती तेल धरून ठेवतं त्याला मर्यादा असते, ती मेण बनवणारा सांगतो. बऱ्याच मेणांना ६ ते १० टक्के चालतं, सगळ्यांना १० नाही. मर्यादेबाहेरचं तेल वर थेंब होऊन साचतं, वातीत अडकतं, ज्योत फडफडते. टक्के वजनाचे असतात हे पुन्हा सांगतो, मिलीचे नाहीत. बरणीचं मापही असंच फसवतं. २०० मिली पाणी मावणाऱ्या बरणीत मेण बसतं १७० ते १७५ ग्रॅम. २०० धरून सुगंध मोजलात की तो आपसूक जास्त पडतो.

सोयात सुगंध घालायचा तो साधारण ८० ते ८५ अंश सेल्सियसला, आणि घातल्यावर दोनेक मिनिटं शांतपणे ढवळायचं. ओतल्यावर आठवडा-दोन आठवडे झाकून ठेवा. पॅराफिनला दोन-तीन दिवस पुरतात. लोक सोयाची मेणबत्ती त्याच संध्याकाळी पेटवतात आणि सुगंधी तेलाला शिव्या घालतात.

तळटीप:
पण बाटलीवर फ्लॅश पॉइंट ६५ लिहिलेला असेल तर ८० ला घातल्यावर वास उडून नाही का जाणार?

केमिकल_लोच्या:
फ्लॅश पॉइंट म्हणजे वर जमलेली वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते तापमान. वास उडण्याचा तो आकडा नाही. मात्र तेल घालताना शेगडी बंद आणि ज्योत लांब, एवढा बोध त्यातून घ्यावाच.

मेण कधी थेट आचेवर ठेवू नका, भांड्यात पाणी आणि त्यात मेणाचं भांडं. पॅराफिन २०० अंशांच्या आसपास गेलं की त्याची वाफ पेटू शकते. पेटलंच तर पाणी ओतायचं नाही. ओतलेलं पाणी खाली जाऊन क्षणात वाफ होतं आणि जळतं मेण चौफेर उडवतं. आच बंद, वर झाकण.

नवी_पालवी:
वाचतेय. वाचनखूण साठवली.

माझ्या सोया मेणबत्त्यांवर पांढरी बुरशीसारखी नक्षी येते. रंग घातला की जास्तच. बुरशी असेल का?

वातकुक्कुट:
बुरशी नाही, स्फटिक. सोया मेण थिजल्यावर हळूहळू आपली रचना बदलत राहतं, त्याची ही खूण. जळण्यावर परिणाम शून्य. बरणी आधी कोमट करून घ्या, जरा थंड झाल्यावर ओता, एकेक बरणी अंतर ठेवून सावकाश निवू द्या. कमी होईल, कायमची जाईल असं नाही. गडद रंगाचा हट्ट सोडा, पांढऱ्या मेणावर पांढरी नक्षी कोणाला दिसते?

काचेला मेण काही ठिकाणी सुटून ओलसर डाग दिसतात, तेही असेच निरुपद्रवी. मी त्यांच्या मागे लागणं सोडून दिलंय.

गोमटेश:
पॅराफिनच्या खांबमेणबत्तीत वातीशेजारी विहीर पडते. वरून बुजवली तरी आत पोकळ वाजते.

वातकुक्कुट:
पॅराफिन निवताना आकसतं. बाहेरचं आधी थिजतं, आतलं नंतर, आणि आतल्याला आकसायला जागा हवी म्हणून ते मध्ये ओढलं जातं. वर साय धरली की वातीभोवती सळईने दोन-तीन खोल भोकं पाडा, ती बुजू लागली की पुन्हा पाडा. मग थोडं राखून ठेवलेलं मेण आधीपेक्षा पाच-सहा अंश जास्त गरम करून त्यात ओता. पहिल्या पातळीच्या वर जाऊ नका, नाहीतर नवं मेण साच्याच्या कडेने खाली उतरतं आणि मेणबत्ती बाहेर यायला कुरकुरते.

उंटावरचा शहाणा:
रंगासाठी मुलांचे मेणखडू किसून घालतो मी. स्वस्त आणि मस्त.

तळटीप:
आणि वात विझते.

वातकुक्कुट:
विझतेच. खडूतला रंग म्हणजे न विरघळणारी भुकटी, ती वातीच्या धाग्यांत जाऊन बसते आणि मेण वर चढायचं थांबतं. साबणातला मायका (चमकीची भुकटी) मेणात वापरणाऱ्यांचंही तेच होतं. पाण्यातले रंग तर मेणात मिसळतच नाहीत, तळाशी थेंब बनून राहतात, आणि तो थेंब वातीत आला की तडतड. मेणात विरघळणारे रंग वेगळे मिळतात, तेच घ्या.

केमिकल_लोच्या:
वात नक्की काय करते हे बघायचं असेल तर मायकल फॅरेडेने आपल्या व्याख्यानांत दाखवलेला प्रयोग घरी करा. जळती मेणबत्ती विझवा आणि वर जाणाऱ्या धुराच्या रेघेला काडी लावा, वातीपासून थोडं लांबच. ज्योत रेघेतून खाली उडी मारून वात पेटवते. म्हणजे जळते ती मेणाची वाफ. वात फक्त मेण वर चढवून वाफ व्हायच्या जागी पोचवते.

काजळी आणि वातीच्या टोकावरचं काळं भूछत्र ह्यातूनच समजतं. वात लांब असली की जळण्याच्या वेगापेक्षा जास्त मेण वर चढतं, उरलेला कार्बन टोकाला साचतो. प्रत्येक वेळी पेटवण्याआधी वात ६ मिलिमीटरवर कापा. तरीही भूछत्र येत राहिलं तर वात एक नंबर लहान करा किंवा सुगंध कमी करा. आणि पंख्याखाली ठेवलेल्या मेणबत्तीबद्दल कोणी तक्रार करू नये.

नवी_पालवी:
साबण आणि मेणबत्ती एकाच धाग्यात का, असं मी विचारणार होते. आता विचारत नाही, पण कारण असलं तर सांगा.

केमिकल_लोच्या:
कारण दोघांचा आजोबा एकच. फ्रान्समधल्या शेव्रल ह्या रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला साबण फोडून बघितला, आणि चरबी म्हणजे फॅटी ॲसिड अधिक ग्लिसरीन हे दाखवून दिलं. त्यातून हाती लागलेलं स्टीअरिक ॲसिड कडक, पांढरं, धूर न करणारं. १८२५ मध्ये त्याने गे-लुसॅकबरोबर त्याच्या मेणबत्त्यांचं पेटंट घेतलं. त्याआधी चरबीच्या मेणबत्त्या धुरकट जळायच्या आणि वात सारखी कातरावी लागायची. त्याच सुमारास काम्बासेरेसने वेणीची वात आणली. ती जळताना वाकून ज्योतीच्या कडेला जाते आणि टोक स्वतःच जाळून टाकते. आजही वात वाकली की लोक ती सरळ करायला जातात. करू नका, तिला वाकायलाच विणलंय.

शेव्रल १०२ वर्षं जगला. साबणाने हात धुतल्यामुळे की काय, देव जाणे.

भुंगा:
मधमाशीच्या मेणाबद्दल कोणी बोलेना, म्हणून मी. सोयाची वात ह्या मेणात लावू नका. हे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, घट्ट असतं, वात जाड लागते, शक्यतो चौकोनी वेणीची. ८५ च्या वर तापवत ठेवलं तर रंग काळवंडतो आणि मूळचा वास जातो. वर कालांतराने पांढुरकी झाक येते ती खराबी नाही, मऊ फडक्याने पुसा नाहीतर केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा मारा. ह्याच्यात अत्तरं कालवणाऱ्यांना माझा नमस्कार.

मीनाक्षी_म:
साबणाकडे परत येते. लवंगेचं इसेन्शियल ऑइल घातलं आणि हँड ब्लेंडर सुरू केला तर काही सेकंदांत भांड्यात दगड. ब्लेंडर उभा राहिला! लाय आणि तेलं ४५ अंशांवर होती. तेलं: खोबरेल ३०० ग्रॅम, ऑलिव्ह ५०० ग्रॅम, पाम २०० ग्रॅम. पाणी लायच्या दीडपट.

रिठा:
लवंगेतलं युजेनॉल हे ह्या बाबतीत कुख्यात आहे. दालचिनीही त्याच पंगतीतली. फुलांच्या वासाची कृत्रिम तेलंही असा दगा देतात. त्यात तुम्ही पाणी कमी ठेवलंत, तापमान वर ठेवलंत आणि ब्लेंडर फिरवलात. चारही गोष्टी एका दिशेला ओढणाऱ्या.

पुढच्या वेळी पाणी लायच्या दुपटीच्या थोडं वर घ्या, सगळं ३५ अंशांपर्यंत निवू द्या आणि अगदी हलक्या ट्रेसला ब्लेंडर बाजूला ठेवा. लवंग कमी करा, शेवटी घाला, चमच्याने ढवळा. नक्षीकामाचा बेत अशा वासांबरोबर आखूच नका.

ह्या घाण्याचं काही बिघडलेलं नाही. दगड झाला तरी साबण होतोच आहे. झाकून मंद आचेवर शिजवा, पुन्हा सैल होतो, मग साच्यात भरा. मिश्रणात तांदळाच्या कण्यांसारखे दाणे दिसले तर मात्र ब्लेंडर थोडा फिरवून बघण्यात अर्थ आहे, कधीकधी मोडतात.

फेसाळ:
माझं उलटं झालंय. चांगला दाट ट्रेस आला म्हणून ओतला, सकाळी वर तेलाचा थर आणि खाली पाणी. दाट होता हो, शपथ.

रिठा:
दाट होता, पण ट्रेस नव्हता. पाम किंवा बटर जास्त आणि तापमान कमी असेल तर घट्ट चरबी थिजते, मिश्रण दाट दिसतं, आणि आपण ट्रेस समजून ओततो. भांडं थोडं कोमट करून बघावं. खोटा ट्रेस पुन्हा पातळ होतो, खरा होत नाही. तुमचं सगळं परत भांड्यात घ्या, हातमोजे घालून, कारण खालचं पाणी म्हणजे कच्ची लाय आहे. चाळिशीच्या वर गरम करून ब्लेंडर फिरवा.

गोमटेश:
वड्यांवर पांढरी पूड बसते. धुतली की जाते, वाळली की परत.

रिठा:
सोडा ॲश. वरच्या थरातली अजून न जुळलेली लाय हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून सोडियम कार्बोनेट बनवते. बिघाड दिसण्यापुरताच. पाणी कमी ठेवा, ओतल्यावर साचा झाकून गुंडाळा, वर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फवारा मारा. आलेली घालवायची तर वाफेवर धरा. काही जण ती हौसेने ठेवतात, नक्षी उठून दिसते म्हणून. मला पटतं.

तळटीप:
मेल्ट अँड पोअरला (तयार साबण वितळवून ओतलेल्या वड्यांना) थेंब सुटतात ते?

रिठा:
ते ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं. दमट हवेत तर वाहतंच. निवल्या निवल्या प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळा. फ्रिजमध्ये ठेवून घाई करू नका, बाहेर काढल्यावर जास्त घामेजतो.

मीनाक्षी_म:
आणि दोन-तीन महिन्यांनी येणारे नारिंगी डाग? जुन्या तेलाचा वासही येतोय.

रिठा:
हा एकच बिघाड मला खरोखर नकोसा वाटतो, कारण त्याला नंतर इलाज नाही. मोकळं राहिलेलं तेल खवट झालंय. सूर्यफूल, सोयाबीन अशी लिनोलिक (लवकर खवट होणारं फॅटी ॲसिड) जास्त असलेली तेलं, वर सुपरफॅट ८-१० टक्के, आणि वड्या सुकवायला लोखंडी जाळी, असा योग जुळला की डाग आलेच. धातूचे कण खवटपणाला हात देतात. जाळी प्लास्टिकची घ्या, तेल ताजं घ्या, असली तेलं एकूण तेलाच्या १५ टक्क्यांपलीकडे नेऊ नका, असं माझं मत. रोझमेरीचा अर्क तेलात आधीच घालतात, त्यानेही फरक पडतो. इसेन्शियल ऑइल वेगळं आणि हा अर्क वेगळा, दुकानात नीट बघून घ्या. सोडियम सिट्रेटनेही काम होतं, पण कोणी सिट्रिक ॲसिड घालणार असेल तर प्रत्येक ग्रॅममागे ०.६२ ग्रॅम लाय वाढवावी लागते. नाहीतर ते तुमची लाय खाऊन सुपरफॅट आणखी वाढवतं, म्हणजे रोगालाच खतपाणी.

डाग पडलेल्या वड्या बाकीच्यांपासून वेगळ्या काढा.

नवी_पालवी:
माझा कॉस्टिक सोडा जुना आहे, डब्यात ढेकळं झालीत. हिशेब बरोबर असूनही साबण मऊच राहतो.

रिठा:
ढेकळं म्हणजे त्याने पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही पिऊन घेतलंय. तुम्ही १०० ग्रॅम तोलता, त्यात खरा सोडा किती ते कोण सांगणार? नवा आणा, हवाबंद ठेवा. आणि नाली साफ करायची भुकटी आणू नका, तिच्यात ॲल्युमिनियमचे तुकडे असू शकतात. डब्यावर शुद्धता लिहिलेली बघा.

मऊपणाची दुसरी कारणंही तपासा: पाणी फार, ऑलिव्ह फार, मुरायला वेळ कमी. चार ते सहा आठवडे साध्या साबणाला. नुसत्या ऑलिव्हच्याला सहा महिने दिलेत तरी जास्त नाहीत.

फेसाळ:
शेवटचं. उरलेल्या सोड्यात द्रवसाबण होईल ना? पाणी जास्त घालून?

केमिकल_लोच्या:
नाही, पातळ केलेला वडीचा साबण होईल. एक दिवस छान, मग शेंबूड. द्रवसाबणाला पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागतं, आणि सोड्याचा आकडा तिथे चालत नाही, १.४ ने गुणावा लागतो. त्यातही ते बहुतेक वेळा ९० टक्केच शुद्ध मिळतं, म्हणून आलेल्या आकड्याला पुन्हा ०.९ ने भागायचं. तेल कोणतं आणि किती घेणार ते लिहा, हिशेब करून देतो.